काउंट कमी आहे म्हणून सांगितलं, सर्जननी तो अपमान समजला. खुलासा काय लिहायचा?

थिएटर_इन्चार्ज

नमस्कार. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. जिल्ह्याचं गाव आहे, त्यापलीकडे ओळख देत नाही, कारण कुणाला बदनाम करायला आलेले नाही. थिएटरमध्ये प्रत्यक्ष उभं राहून काम केलेल्यांचं मत हवंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमाराला परफोरेशनची, म्हणजे जठर-आतड्याला भोक पडल्याची केस आली. साठीचे शेतकरी, पोटदुखी अंगावर काढलेली, पोट कडक झालेलं, बीपी जेमतेम. सर्जन आमच्याकडचे सगळ्यात सीनियर. त्यांच्या हाताला यश आहे. माझ्या वडिलांचं ऑपरेशन करायची वेळ आली तर मी त्यांच्याकडेच जाईन, हे आधीच सांगते. स्क्रबला, म्हणजे टेबलाशी हत्यारं हातात द्यायला, जुना ब्रदर होता आणि फ्लोअरला, म्हणजे बाहेरून सामान उघडून द्यायला, जीएनएमचा नर्सिंग कोर्स होऊन दोन वर्षं झालेली मुलगी. मी शेजारच्या थिएटरमध्ये सिझर आवरत होते.

पोट धुऊन झालं, ड्रेन टाकले, बंद करण्याआधीचा काउंट, म्हणजे वापरलेल्या वस्तूंची मोजणी, सुरू झाला. फळ्यावर १५ मॉप (पोटातलं रक्त-पाणी टिपायची कापडं) लिहिलेले, पाचाची तीन पाकिटं. हाती लागले १४. मुलगी म्हणाली, "सर, एक मॉप कमी आहे." सर म्हणाले, "माझ्याकडून मॉप राहत नाही. नीट मोज." तिने सगळे पुन्हा एकेक करून मांडले. १४च. तेवढ्यात सरांनी लूप, म्हणजे पोट शिवायचं सूत, मागितला. लूपचं पाकीट उघडून देणं हे फ्लोअरचं काम. तिने ते उघडलं नाही. म्हणाली, "काउंट जुळेपर्यंत लूप देत नाही, सर."

"तुझं जेवढं वय आहे ना, तेवढी वर्षं मी पोटं उघडतोय. तू मला थांबवणार?" हे वाक्य मला भिंतीपलीकडे ऐकू आलं. मी आत शिरले तोवर त्यांनी नीडल होल्डर (सुई धरायचं हत्यार) ट्रॉलीकडे फेकला होता. तो कडेला आपटून तिच्या पायाजवळ पडला. भूलवाले डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सर, पेशंट आत्ता स्टेबल आहे, बघून घेऊ." सरांनी पुन्हा हात घालून पोट तपासलं, आत काही नव्हतं. मॉप शेवटी पेशंटवर अंथरलेल्या ड्रेपच्या डाव्या बाजूच्या घडीत सापडला, भिजून कापडाला चिकटलेला. पाचेक मिनिटांचा हा सगळा प्रकार. पेशंट आता वॉर्डात आहे आणि तोंडाने पातळ घेतोय.

गोष्ट तिथे संपली असती. पण सकाळी सरांनी सुपरिंटेंडंटना पत्र दिलं की मॉप पोटात नव्हताच, सिस्टरने विनाकारण ऑपरेशन अडवलं, उद्धट वर्तन केलं. तिला ओटीतून काढा, नाहीतर मी इमर्जन्सी घेणार नाही. मुलीकडे ४८ तासांत लेखी खुलासा मागितलाय. सुपरिंटेंडंट मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाढवू नका. माफीची एक ओळ लिहायला सांगा, विषय संपवू."

दुसरीकडे आमच्या स्टाफचा ग्रुप पेटलाय. सगळ्यांसमोर सरांनी माफी मागेपर्यंत काळ्या फिती लावायच्या, पेपरला बातमी द्यायची, एक जण तर म्हणतो पोलिसांत जाऊ. दोन दिवसांत त्या नीडल होल्डरची कात्री झाली आणि पायाजवळ पडलेली वस्तू तोंडावर मारली असं सांगितलं जाऊ लागलं. ज्यांनी ते पाहिलंच नाही ते सगळ्यात जास्त चिडलेत.

आणि ती मुलगी? तिने हाय खाल्लीय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच सरांच्या केसला ती फ्लोअरला होती. फळ्यावर आकडे बरोबर लिहिले, पण तोंडातून शब्द काढला नाही. सरांनी "काउंट?" विचारलं तेव्हा नुसती मान हलवली. पत्र, खुलासा, फिती या सगळ्यापेक्षा मला त्या हललेल्या मानेची भीती वाटते. सगळे तिला सांगताहेत की मनाला लावून घेऊ नको. मला ते पटत नाही. ती योग्य बोलली आणि तिचा पाणउतारा झाला, तर लागणारच.

खुलाशात काय लिहावं? फितींना मी हो म्हणावं की नाही? आणि वस्तू फेकली याची वेगळी तक्रार करावी की तो पराचा कावळा होईल?

---

गोदाकाठची_सिस्टर

ताई, मी निवृत्त आहे. नोकरीतला बराचसा काळ थिएटरमध्येच गेला, सगळा मराठवाड्यात. तुमची पोस्ट वाचून स्वस्थ बसवेना.

खुलाशाचं आधी. त्यात "माझ्या बोलण्याने कुणी दुखावलं असल्यास दिलगीर आहे" ही ओळ अजिबात लिहू देऊ नका. सुपरिंटेंडंटसाठी ती विषय संपवणारी ओळ आहे. मुलीच्या फाइलमध्ये ती कायमची राहते, आणि उद्या कुणी ती फाइल उघडली तर अर्थ एवढाच निघतो की काउंट कमी आहे असं सांगणं हा गुन्हा होता आणि तिने तो कबूल केला. खुलाशात घडलेलं लिहा, वेळेसकट. किती मॉप उघडले, किती मिळाले, काय सांगितलं, लूप का उघडला नाही, मॉप कुठे सापडला, पोट किती वाजता बंद झालं. "सर रागावले", "अपमान केला" असलं एकही विशेषण नको. विशेषण आलं की वाचणारा माणसांविषयी विचार करायला लागतो, मॉपविषयी नाही.

मॉप आत नव्हताच म्हणून ती चुकली, हा सरांचा मुद्दा खोडून काढायला हवा. त्या मिनिटाला तो आत आहे की बाहेर, हे खोलीतल्या एकालाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते इतकंच, की १५ गेले आणि १४ आले. त्या माहितीवर थांबणं बरोबर होतं. पुढे तो घडीत सापडला याने आधीच्या मिनिटाचा निर्णय बदलत नाही.

औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलातली १९६३ची केस तुमच्या स्टाफला जरूर सांगा. जुलै महिना होता. एका बाईचं बाळंतपण झालं, तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. मग ताप, पोटात कळा. पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल सापडला. २४ जुलैला ती गेली. पहिल्या ऑपरेशनला दोन आठवडेही झाले नव्हते. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये मंजूर केले, हायकोर्टाने तो निकाल फिरवला, आणि सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी १९९६मध्ये तो पुन्हा कायम केला. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तेहतीस वर्षं. कोर्टाने स्पष्ट सांगितलं की पोटात टॉवेल राहणं हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे. नेमका कोणाच्या हातून राहिला हे त्या बिचाऱ्या नवऱ्याने सिद्ध करायची गरज नाही.

निकाल आला तेव्हा मी नोकरीत होते. आमच्याकडे त्यावर खूप बोलणं झालं, सगळं डॉक्टरांबद्दल. मला मात्र एकच प्रश्न छळत राहिला की त्या दिवशी त्या खोलीत मोजलं होतं का, आणि मोजलं असेल तर कमी आहे हे म्हणण्याची कुणाची हिंमत झाली होती का. त्याचं उत्तर आता कुणाकडेच नाही. तुमच्या थिएटरमध्ये एका पोरीची ती हिंमत झाली. म्हणून म्हणते, आधी तिला शाबासकी द्या, आणि ती सगळ्यांसमोर द्या. खासगीत पाठ थोपटून उपयोग नाही, कारण पाणउतारा सगळ्यांसमोर झालाय.

फिती लावू नका. तुमच्या स्टाफचा राग खरा आहे, पण फिती लागल्या की काउंट हा सिस्टर विरुद्ध डॉक्टर असा झेंडा होईल. मग उद्या कुणी "एक कमी" म्हटलं की सर्जनला त्यात मॉप ऐकू येणार नाही, संघटना ऐकू येईल.

आणि तिला एकटीला सोडू नका. पुढच्या काही केसेस स्वतः स्क्रबला उभ्या राहा आणि तिच्याबरोबर मोठ्याने मोजा. एक, दोन, तीन, असं. आवाज मोजता मोजताच परत येतो.

---

भूलवाला_नाशिक

मी भूलतज्ज्ञ. पडद्याच्या डोक्याकडच्या बाजूला उभा राहून असे प्रसंग पाहिलेत. पहिली गोष्ट, तुमच्या भूलवाल्या सहकाऱ्याने योग्य वेळी योग्य वाक्य टाकलं. "पेशंट आत्ता स्टेबल आहे" हे सर्जनला ऐकायचं असतं, कारण त्या क्षणी त्याच्या डोक्यात वेळ पळत असते. आता त्याच माणसाने पुढचं कामही करायला हवं.

इंग्लंडमधली एक घटना आम्ही भूलशास्त्राच्या मुलांना शिकवतो. मार्च २००५. इलेन ब्रॉमिली, वय ३७, सायनसचं साधं ठरलेलं ऑपरेशन. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना, मास्कनेही हवा जाईना. तिथे अनुभवी डॉक्टर होते, एकापेक्षा जास्त. ते पुन्हा पुन्हा नळी घालायचाच प्रयत्न करत राहिले. एका नर्सने गळ्यातून श्वासमार्ग करायचा सेट आणून ठेवला आणि तसं सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. दुसरीने आयसीयूत फोन करून बेड मिळवला. तिने बेड मिळाल्याचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही उगाच घाबरतेय. तिने परत फोन करून बेड रद्द केला. इलेन तेरा दिवसांनी गेली.

त्या नर्सेसना काय करायला हवं ते कळत होतं. त्यांना कुणी ओरडलंही नव्हतं. नुसती एक नजर पुरली. तुमच्या मुलीवर तर ओरडा झालाय आणि पायाजवळ वस्तू पडलीय. तिची हललेली मान हीच खरी इमर्जन्सी आहे, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

इलेनचे पती मार्टिन विमानचालक होते. चौकशीतून त्यांना कुणाची नोकरी घालवायची नव्हती. विमानात कॅप्टनला धाकट्या सहकाऱ्याने थांबवायचं कसं, आणि कॅप्टनने ते ऐकायचं कसं, याचं रीतसर शिक्षण असतं. तसं रुग्णालयात का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. २००७मध्ये त्यांनी त्यासाठी संस्था काढली. पत्नी गमावलेल्या माणसाला राग किती आला असेल? तो त्यांनी कुठे लावला, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्या सरांशी बोलायचं तर सुपरिंटेंडंटच्या केबिनमध्ये नको. तिथे खुर्च्यांची उतरंड असते, आणि त्यांना आपली बाजू लढवावीच लागेल. दिवसाच्या ऑपरेशनांची यादी संपल्यावर, सर्जन्स रूममध्ये, भूलवाल्यांनी बोलावं, तुम्ही सोबत असा. मुलगी नको. पेशंटपासून सुरुवात करा: त्या माणसाला तुम्ही वाचवलंत, आता त्या मिनिटाबद्दल बोलू. आणि "तुम्ही चिडलात" असं न म्हणता "ती आता बोलत नाही" हे सांगा. चांगल्या सर्जनला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याचं स्वतःचं पुढचं पोट तिच्या मोजण्यावर बंद होणार आहे.

वस्तू फेकण्याचा इन्सिडंट रिपोर्ट मात्र करा. तो पराचा कावळा नाही. धारदार वस्तू असती तर टाके कुणाला पडले असते? रिपोर्टमध्ये तेवढीच घटना लिहा, काउंटचा वाद त्यात मिसळू नका. दोन्ही एका कागदावर आले तर एक दुसऱ्याच्या बदल्यात मागे घेतला जातो.

---

ब्रदर_पश्चिम_विभाग

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून माझं वेगळं मत. आवाज चढवणारा सीनियर असला की ते टेन्शन असतं, आणि ऐकणारा ज्युनियर असला की तो मनाला लावून घेतो. हे आम्ही किती वर्षं ऐकायचं? फिती लावल्याने कुठलंही ऑपरेशन थांबत नाही. तो संप नाही, निषेध आहे, आणि तो लोकशाही मार्ग आहे. सरांनी मात्र "इमर्जन्सी घेणार नाही" अशी धमकी लेखी दिलीय. अति कोणी केलं, तुम्हीच सांगा.

बोलण्यात बाई म्हणून काही घाण शब्द आला असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, ते तपासून पाहा. आणि खुलासा द्यायला जाताना मुलीबरोबर कुणीतरी जा. एकटीला आत बोलावून सही घेतात.

---

थिएटर_इन्चार्ज

दादा, शेवटची सूचना अगदी बरोबर, मी स्वतः जाणार आहे. बाई म्हणून सर काही बोलले नाहीत, मी तिला वेगळं विचारून खात्री केली. जे झालं नाही ते त्यांच्या नावावर लावणार नाही. फितींबद्दल तुमचा राग मला समजतो. इमर्जन्सीची धमकी मलाही सगळ्यात जास्त खटकली.

---

सर्जन_वऱ्हाड

मी जनरल सर्जन आहे, म्हणून त्या सरांच्या जागी उभा राहून लिहितो. त्यांचं समर्थन करायला नाही, पण तिथे आत काय होतं हे कुणीतरी सांगायला हवं.

रात्रीची सेप्टिक केस, पोटात घाण, बीपी औषधांवर. तुम्ही लढाई जिंकत आणलेली असते आणि पोट बंद करणं ही तिची शेवटची पायरी असते. त्याच वेळी "एक कमी" ऐकू येतं. ते कानाला माहितीसारखं लागत नाही, आरोपासारखं लागतं. ज्याची आयुष्यभराची प्रतिष्ठा "माझ्या हातून असं होत नाही" या वाक्यावर उभी आहे, त्याला ते जास्त लागतं. आम्हाला शिकवलंच तसं गेलं. आमच्या गुरूंना कुणी काउंट विचारत नसे.

पण हे वाक्यच खोटं आहे. चांगल्या हातांकडूनही मॉप राहतो, कारण अवघड केसेस त्यांच्याकडेच जातात. बोस्टनमध्ये सर्जन डॉ. अतुल गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये ऑपरेशननंतर आत काही राहून गेलेल्या ५४ रुग्णांचा अभ्यास छापला. (गावंडेंचं मूळ आमच्याकडचं, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं, म्हणून विदर्भात त्यांचं नाव आपुलकीने घेतात.) आत राहिलेल्या वस्तूंपैकी ६९ टक्के मॉप-गॉज होते. या रुग्णांपैकी ३३ टक्के इमर्जन्सी ऑपरेशनचे होते. तुलनेला घेतलेल्या, काही न राहिलेल्या रुग्णांत ते प्रमाण होतं ७ टक्के. अचानक ऑपरेशनचा बेत बदलणं हेही मोठं कारण निघालं. म्हणजे रात्रीचं परफोरेशन. नेमकी तुमच्या सरांचीच केस. शंका घ्यायचीच असेल तर ती त्या रात्रीवर होती, त्यांच्या हातावर नाही.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेची, ऑपरेशनच्या वेळी तपासायची १९ मुद्द्यांची यादी गावंडेंच्याच पुढाकाराने तयार झाली. २००९मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचे आकडे आले, त्यात दिल्लीही होती. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. त्या यादीत एक मुद्दा आहे जो आपल्याकडे सर्रास गाळतात. चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. मला आधी तो वेळकाढूपणा वाटायचा. आता मी आग्रहाने करतो. सुरुवातीला एकदा ज्याने आवाज काढलाय, तो शेवटी अडचण आली तर काढतो. आणि सर्जनला जिचं नाव माहीत आहे, तिला "ए, नीट मोज" म्हणणं जरा जड जातं.

मी दुसरी गोष्ट करतो ती म्हणजे काउंट मीच मागतो. पोटाचा आतला थर शिवायच्या आधी हात बाजूला घेऊन विचारतो, "सिस्टर, मॉप किती?" प्रश्न माझाच असल्यावर उत्तराचा राग यायचं कारण राहत नाही. जुळलं नाही तर शोधायचं, सापडलं नाही तर सी-आर्म, म्हणजे टेबलाशी आणायचं एक्स-रे यंत्र, लावायचा. मॉपमध्ये एक्स-रेला दिसणारा धागा त्यासाठीच असतो.

ब्रदरना सांगतो, इमर्जन्सी नाकारण्याची भाषा वापरून त्या सरांनी खरंच मर्यादा ओलांडली. राग सिस्टरवर आणि शिक्षा रात्री येणाऱ्या पेशंटला, हे कुठल्याही मापाने अति आहे. त्यांच्याशी बोलताना याबाबत मऊ पडू नका. पण फिती नकोत. आमच्या जमातीतला कुठलाही माणूस गर्दीसमोर मागे येत नाही, एकट्याने बोललं तर येतो.

---

थिएटर_इन्चार्ज

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन-चार दिवस लिहायला जमलं नाही, म्हणून आता एकदम सांगते.

खुलासा गोदाकाठच्या सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे लिहिला. मजकूर देते, कुणाला उपयोगी पडेल:

"पोट बंद करण्यापूर्वीच्या मोजणीत फळ्यावर नोंदवलेल्या १५ मॉपपैकी १४ मिळाले. तसे सर्जनना तोंडी सांगितले. दुसऱ्यांदा मोजणी केली, संख्या १४च आली. मोजणी जुळेपर्यंत बंद करण्याचे सूत उघडायचे नाही, या थिएटरच्या पद्धतीनुसार लूप उघडला नाही. त्यानंतर मॉप डाव्या बाजूच्या ड्रेपमध्ये मिळाला. मोजणी १५ जुळल्यावर लूप दिला. पेशंटच्या नाडी-रक्तदाबाची या काळातील नोंद भूल विभागाच्या कागदावर आहे."

एवढंच. सुपरिंटेंडंटनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "माफीची ओळ?" मी म्हटलं, "सर, कशाबद्दलची माफी लिहायची ते तुम्ही सांगा, तेच लिहू." त्यांनी सांगितलं नाही. खुलासा घेतला.

भूलवाल्या डॉक्टरांबरोबर सरांशी बोलायला गेले. पहिली काही मिनिटं कठीण गेली. त्यांचं एकच म्हणणं होतं की माझ्या थिएटरमध्ये माझ्यावर अविश्वास दाखवला गेला. डॉक्टरांनी वाद घातला नाही. मग मी सांगितलं की ती मुलगी आता बोलत नाही, नुसती मान हलवते. सर गप्प झाले. नंतर म्हणाले, "माझ्या केसला पण?" मी म्हटलं, "तुमच्या केसला तिला अजून लावलेलं नाही." इमर्जन्सीचा विषय डॉक्टरांनीच काढला, आणि स्पष्ट काढला. ते वाक्य आणि तिला ओटीतून काढायची मागणी, दोन्ही सरांनी लेखी मागे घेतलं. माफी मागितली नाही. "मी डूख धरणारा माणूस नाही, तिला सांगा," एवढं म्हणाले. मी सांगितलं की हे तुम्हीच तिला सांगितलंत तर बरं. अजून सांगितलेलं नाही.

नीडल होल्डरचा इन्सिडंट रिपोर्ट वेगळा दिला. यावर ते नाराज आहेत आणि माझ्याशी कामापुरतं बोलतात. ते मी सोसेन. तो रिपोर्ट मागे घेणार नाही.

काळ्या फितींचा विषय स्टाफ मीटिंगमध्ये घेतला. प्रत्यक्ष काय घडलं ते स्क्रबच्या ब्रदरनेच उभं राहून सांगितलं, कारण तो दीड हातावर होता. कात्री नव्हती, तोंडावर नाही, पायाजवळ. आणि मुलीने लूप अडवला तेव्हा तीच बरोबर होती, हेही त्यानेच सगळ्यांदेखत सांगितलं. माझ्यापेक्षा त्याच्या तोंडून आलं ते बरं झालं. बऱ्याच जणांचा आवाज खाली आला. काही जण मला व्यवस्थापनाची माणूस म्हणू लागलेत. त्यातल्या एकीबरोबर मी पंधरा वर्षं ड्युट्या केल्यात, त्यामुळे ते लागलं. पण मी तिच्याशी बोलणं बंद करणार नाही.

मुलगी माझ्याबरोबर हर्नियाच्या यादीला आहे. आम्ही दोघी मोठ्याने मोजतो. आवाज अजून बारीक आहे, पण भूलवाल्यांपर्यंत पोचतो, मी त्यांना विचारून घेते.

काउंट जुळल्याशिवाय सूत उघडायचं नाही ही पद्धत आजवर तोंडी होती. ती लेखी करून सगळ्या सर्जन्सच्या सहीला फिरवलीय. चार सह्या झाल्या. मोठ्या सरांची बाकी आहे, कागद त्यांच्या टेबलावर आहे.

एक विचारायचं राहिलं. आमचा फळा जुना आहे. त्यावर नुसतं मॉप, गॉज, सुया असं लिहितो आणि मधेच पाकीट उघडलं की जुना आकडा पुसून नवा लिहितो. तुमच्याकडे कसा आखलाय?

---

गोदाकाठची_सिस्टर

पुसायचं नाही, ताई. आकडा पुसला की वादाच्या वेळी दाखवायला काही उरत नाही. प्रत्येक पाकिटाचा आकडा शेजारी वाढवत न्यायचा, ५ + ५ + ५, आणि बेरीज शेवटच्या रकान्यात. आडव्या ओळी मॉप, गॉज, सुया, हत्यारं अशा. उभे रकाने सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी, कातडीआधी आणि शेवटी असे चार. प्रत्येक रकान्याखाली मोजणाऱ्या दोघांची आद्याक्षरं. आत पॅक म्हणून मुद्दाम काही ठेवलं असेल तर त्याची वेगळी ओळ, लाल खडूने. फळा सर्जनला मान न वळवता दिसेल अशा भिंतीवर लावा, पेशंटच्या पायांकडच्या. आणि तो केस संपून पेशंट बाहेर जाईपर्यंत कुणी पुसायचा नाही.